शेणोलीची लाईन

कराडपासून किर्लोस्करवाडीपर्यंतच्या पट्ट्यात तिला कुणी लोहमार्ग म्हणत नाही. तिचं नाव लाईन. लाईनीपल्याडचं रान, लाईनीकडंचा ऊस, लाईन ओलांडून ये, लाईनीला गुरं सोडू नका. उसाच्या दोन फडांमधून ती सरळ निघून जाते आणि दिवसातून कितीही गाड्या धडधडत गेल्या तरी बांधावरचा माणूस मान वर करून बघत नाही, इतकी ती घरचीच झाली आहे.

स्वभावानं ती गावात न शिरणारी. साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही, माहुलीच्या बाजूला. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला. कुंडलसाठी बांधलेलं कुंडल रोड हे स्टेशन कुंडलपासून बाजूला माळावर. लोणंद सोडलं की सालप्या-आदर्कीच्या घाटात ती वळणं घेत चढते, वाठारला दम घेते, आणि कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर करत कृष्णेच्या खोऱ्यात उतरली की मग तिची चाल सैल होते. गावापासून अंग चोरून राहायची, पण तिच्या आसऱ्याला गावं वसली. ओगल्यांचा काचकारखाना तिच्या कडेला उभा राहिला आणि प्रभाकर कंदील देशभर गेले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोडच्या शेजारी, नांगरांचा कारखाना काढला. पुढं त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. स्वदेशीची दोन मोठी ठाणी इंग्रजांच्या लाईनीला चिकटून वाढली, हे मला तिच्या चरित्रातलं पहिलं महत्त्वाचं प्रकरण वाटतं.

कारण जन्मानं ती सरकारची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनची माणसं अन्नावाचून मेली, त्यानंतर दुष्काळी मुलखात धान्य पोचावं म्हणून सदर्न मराठा रेल्वेची आखणी झाली. धान्य पोचवायला बांधलेल्या लाईनीवरून फौज, पोलीस, टपाल आणि सरकारी रोकडही जाऊ लागली. रुळांमधलं अंतर एक मीटर. आजच्या रुंद लाईनीच्या मानानं ती अंगानं बारीक होती, गाड्याही बेताच्या वेगाच्या. तिच्या बरोबरीनं तारेचे खांब चालत. पुणं ते मिरज सरकारचा हुकूम त्या तारांतून पुढं जाई आणि मागून गाडीनं शिपाई येत. सातारा जिल्ह्यावर राज्य करायचं तर ही लाईन शाबूत हवी, हे सरकारला माहीत होतं. ते दुसऱ्याही काही लोकांना माहीत होतं.

ते लोक म्हणजे कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र, कासेगाव अशा गावांतली शेतकऱ्यांची पोरं. त्यांच्यातल्या एकाची ही गोष्ट आहे. लाईनीचं शब्दचित्र काढायला बसलं की तो माणूस आपोआप त्यात येऊन उभा राहतो. रामचंद्र श्रीपती लाड, कुंडल. मुलूख त्यांना कॅप्टन भाऊ म्हणायचा. ही कॅप्टनकी कुठल्या सरकारनं दिलेली नव्हती. ती तुफान सेनेची होती.

तुफान सेना उभी राहायच्या आधीचं थोडं सांगितलं पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि सातारा जिल्ह्यात मोर्चे निघू लागले. कराड, तासगाव इथले मोर्चे शांततेत पार पडले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांच्या बरोबरची माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, त्यात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. त्यानंतर मोर्चे काढण्यात अर्थ राहिला नाही. कार्यकर्ते भूमिगत झाले. तलाठ्याची नोकरी १९३० सालीच सोडलेले नाना पाटील आधीपासून गावोगाव माणसं गोळा करत होते. त्यांच्याभोवती १९४३ पासून जे उभं राहिलं ते प्रतिसरकार. गावात न्यायदान मंडळं, सावकार आणि गुंडांना वचक, दारूबंदी, बिनखर्चाची लग्नं, धान्याचं वाटप. शेकडो गावांत लोक कोर्टाची पायरी न चढता आपले तंटे इथं आणू लागले. या सरकारला हात लागायचे, म्हणून तुफान सेना. कुंडल हे तिचं मुख्य ठिकाण. जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल आणि रामभाऊ लाड कॅप्टन.

कुंडल का, याचं उत्तर नकाशात आहे. कुंडल तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतं. औंध संस्थानचा तो एक सुटा तुकडा होता, चारी बाजूंनी इंग्रजी हद्द. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गावाच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली होती. इंग्रजांच्या पोलिसाला हद्द ओलांडून इथं यायचं तर कागदाचे सोपस्कार करावे लागत. शेजारी किर्लोस्करवाडीचा कारखाना, म्हणजे लोखंडावर हात चालणारे कामगार. आणि कारखान्याला खेटून लाईन. ज्यानं या जागी तळ ठोकला त्याला युद्ध कळत होतं, मग त्यानं कुठल्या अकादमीत पाऊल टाकलेलं नसो.

आता ७ जून १९४३.

पुण्याहून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीत सरकारी पगाराची रोकड आहे, अशी पक्की बातमी होती. जागा ठरली शेणोली. आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचं हे स्टेशन. कराड मागं पडलेलं, भवानीनगर पुढं, कृष्णा जवळ, आजूबाजूला उभं रान. जूनचा पहिला आठवडा म्हणजे पेरणीच्या तोंडावर शेतात माणसं असणार, त्यामुळं चार अनोळखी माणसं बांधावर दिसली तर कुणाला नवल वाटणार नाही.

त्या दिवशीचं हत्यार म्हणजे दगड. कॅप्टन भाऊंनी म्हातारपणी हे स्वतः सांगितलं आहे, आणि त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. रुळांवर धोंडे रचून त्यांनी गाडी थांबवली, हे कुणालाही सुचलं असतं. पण गाडी थांबल्याबरोबर त्यांनी शेवटच्या डब्याच्या मागंही धोंडे रचले. वाफेचं इंजिन उलटं चालवता येतं. ड्रायव्हरनं रिव्हर्स घेतला असता तर गाडी मागच्या स्टेशनात गेली असती, तिथून तार गेली असती आणि पोलीस आले असते. ती वाटच त्यांनी बुजवली. रुळावर अडकलेली गाडी बाजूला वळून पळू शकत नाही. म्हणजे सरकारच्या लाईनीचा सगळ्यात मोठा गुण, सरळ रेषेत धावणं, तोच त्या कामात तिचा दोष ठरला असणार. बारीक लाईन, बेताचा वेग, लांबून दिसणारा ढीग, म्हणून गाडी घसरलीही नाही. त्यांना ती पाडायची नव्हतीच. आत साधी माणसं बसलेली होती.

हातात काय होतं? कोयते, काठ्या, आणि दोन-तीन न फुटलेले बॉम्ब. रोकडीच्या डब्यातल्या पहारेकऱ्याजवळ बंदूक होती, तो घाबरला आणि लवकरच आवरला गेला. पोरं रक्कम उचलून रानात पांगली. कॅप्टनचं वय एकवीस पुरं व्हायचं होतं. जी. डी. बापू त्याच १९२२ सालचे, म्हणजे त्यांच्याहून सुमारे सहा महिन्यांनी लहान. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडीही १९२२ चेच. सातारा जिल्ह्यातल्या या लढाईतली तीन कणखर माणसं एकाच वर्षी जन्मली, आणि तिघांनाही पदवीआधी पिस्तूल धरावं लागलं.

गाडी लुटली असं कुणी म्हटलं तर कॅप्टन भाऊंना ते मान्य नसे. इंग्रजांनी इथल्या माणसांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. ही शब्दांची कसरत नव्हती. तो पैसा गरिबांसाठी आणि चळवळीच्या कामासाठी गेला, कुणाच्या घरात गेला नाही, हे ते अखेरपर्यंत ठासून सांगत. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवला गेला. त्यात जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा होते, आणि रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या काळचे साडेपाच लाख हातात आलेल्या माणसांनी आपलं घर बांधलं नाही, हे आजच्या वाचकानं क्षणभर थांबून वाचावं.

लाईनीच्या अंगावर त्या काळात आणखी बरंच घडलं. शेणोलीच्या पुढचं स्टेशन भवानीनगर. तिथल्या पोलीस ठाण्यातली हत्यारं काढायची होती. नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाताईंनी, ठाण्यासमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग घेतलं. नवरा झालेला सोबती कार्यकर्ताच होता. सोंग खरं वाटावं म्हणून तिला खरोखर मार बसला. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि मागून साथीदारांनी बंदुका नेल्या. हौसाताईंनी हे नव्वदी ओलांडल्यावर सांगितलं, आणि सांगताना त्या मारणाऱ्या सोबत्यावरचा राग अजून गेलेला नव्हता. रामापूरचे गणपती बाळा यादव गावोगाव निरोप पोचवायचे आणि लपलेल्या माणसांना भाकरी नेऊन द्यायचे. शेणोलीच्या कामात तेही होते. भूमिगत माणसाला बंदुकीच्या आधी भाकरी लागते. ती दर वेळी कुणीतरी थापली, कुणीतरी बांधून दिली आणि कुणीतरी पोलिसांच्या डोळ्यांदेखत डोईवरच्या पाटीत घालून नेली. त्या थापणाऱ्या हातांची नावं कुठल्याही रजिस्टरात नाहीत.

शेणोलीनंतर दीड महिन्यानं, २४ जुलै १९४३ ला, वसंतदादा पाटील आणि सोबती सांगलीच्या तुरुंगाची भिंत ओलांडून खंदकात उतरले. गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, वसंतदादांच्या खांद्यात गोळी शिरली. वसंतदादा पुढं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, यशवंतराव चव्हाण त्यांच्याही आधी झाले. नाना पाटील साताऱ्यातून आणि नंतर बीडमधून लोकसभेत गेले. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला आज त्यांचं नाव आहे. नागनाथअण्णांनी वाळव्यात साखर कारखाना काढला आणि त्याला आपलं नाव न देता किसन अहिर यांचं दिलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग मारले गेले होते. जी. डी. बापूंच्या नावानं कुंडलचा कारखाना उभा आहे. यांच्याबद्दल लिहिलं गेलं, पुतळे झाले, ते व्हायलाच हवे होते. पण ज्यांना मुख्यमंत्रिपद मिळालं नाही, कारखाना मिळाला नाही, ज्यांच्या हातून फक्त लढणं घडलं, त्यांचं काय?

शेणोलीचा छापा झाला त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, इंग्रज सरकार स्वतः अशाच पोरांच्या टोळ्या बांधत होतं. आयर्लंडच्या उत्तर टोकाकडच्या न्यूटाऊनार्ड्स गावचा ब्लेअर मेन, लोक त्याला पॅडी मेन म्हणत, वकिली शिकलेला आणि आयर्लंडकडून रग्बी खेळलेला दांडगा गडी. तो एसएएस या नव्या छापामार पथकाच्या पहिल्या माणसांतला. डिसेंबर १९४१ मध्ये लिबियातल्या तामेत विमानतळावर रात्री घुसून त्यानं शत्रूची विमानं उडवली. कॅप्टन भाऊ शेणोलीला धोंडे रचत होते त्या जूनमध्ये मेन आपल्या पथकासह सिसिलीवर उतरायच्या तयारीत होता. अंधारात यायचं, थोडक्यात काम उरकायचं, फौज जमायच्या आत नाहीसं व्हायचं. वाळवंटात ज्या पद्धतीचं इंग्रजांनी कौतुक केलं, त्याच पद्धतीला कृष्णाकाठी ते दरोडा म्हणाले.

१९४५ मध्ये मेनची व्हिक्टोरिया क्रॉससाठी शिफारस झाली, ती वरच्यांनी उतरवली आणि त्याला चौथ्यांदा डीएसओ हे पदक मिळालं. १९५५ साली मोटार अपघातात तो गेला. त्याच्या गावच्या लोकांनी मात्र हा विषय सोडला नाही. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. २००५ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या शंभराहून अधिक सदस्यांनी त्याच्यावरचा अन्याय दूर करा म्हणून ठरावावर सह्या केल्या. साठ वर्षांनंतरही लोक आपल्या माणसासाठी भांडतात, हे वाचून मला त्या अनोळखी गावाबद्दल आपुलकी वाटते. पण मेनच्या बाजूनं एक गोष्ट होती. त्याच्या शिफारशीचा कागद होता, त्यावर वरिष्ठांच्या सह्या होत्या, म्हणून ती नाकारल्याचाही पुरावा राहिला. तुफान सेनेच्या पोरांची शिफारस करणार कोण? त्यांच्याबद्दल जे काही लिहून ठेवलं गेलं ते त्यांना पकडायला निघालेल्या पोलिसांनी.

आणि इथंच खरा अन्याय आहे, तो कुणा एका माणसाच्या दुष्टपणातून आलेला नाही. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. ताम्रपटही दिले गेले. पेन्शनची अट सरळ होती, सहा महिन्यांची तुरुंगवारी. भूमिगत असाल तर घोषित फरारी ठरल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा कागद. आता विचार करा. ज्याचं नाव पोलिसांना कधी कळलंच नाही, ज्याला सबंध गावानं झाकलं, जो रात्री भाकरी नेऊन देई आणि दिवसा औत हाकी, त्याच्याजवळ कुठला कागद असणार? तो आपल्या कामात जितका तरबेज, तितका तो कागदावर रिकामा. नाना पाटील सुमारे साडेतीन वर्षं फरारी राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. त्यांना झाकणारी माणसं किती असतील? तेवढी माणसं मुलखानं उभी केली म्हणूनच ते सापडले नाहीत, आणि झाकलं गेल्याची खूण मागं ठेवायची नाही ही त्या कामाची पहिली शिस्त होती. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, मंडळी उघडी झाली. पण उघडी न झालेली जी माणसं होती, ती परत औताला गेली. त्यांना कुणी परत येऊन विचारलं नाही.

जिल्ह्यांनीही यात भर घातली. प्रतिसरकार ज्या सातारा जिल्ह्यात झालं तो जिल्हा १९४९ मध्ये फुटला आणि दक्षिण सातारा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली पडलं. म्हणजे साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणून जगाला माहीत असलेल्या लढाईचं मुख्य ठिकाण, कुंडल, आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि तिचा हा गाजलेला छापा सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात झाला. साताऱ्याचा शाळकरी मुलगा कुंडलला आपलं म्हणत नाही, सांगलीचा शेणोलीला म्हणत नाही. लाईनीला मात्र ही हद्द कळत नाही. शेणोलीचा सिग्नल आणि भवानीनगरचा सिग्नल एकाच तारेला जोडलेले असतात.

लोकांनी काय केलं, ते सांगायला हवं, नाहीतर हा लेख नुसती तक्रार ठरेल. शाहीर शंकरराव निकमांच्या कलापथकानं त्या काळातच ही हकीकत गावोगाव पोचवली. डफाच्या थापेवर शेणोली आणि तुफान सेना ऐकलेली पिढी अजून या गावांत आहे, आणि तिनं ती पुढच्या पिढीला दिली. कासेगावात संसार थाटलेल्या गेल ऑम्वेट यांनी प्रतिसरकारचा अभ्यास केला. अलीकडच्या काळात पत्रकार पी. साईनाथ यांनी या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन गाठलं, त्यांचं बोलणं नोंदवलं, त्यांच्यावर लिहिलं. ७ जून २०१७ ला, छाप्याच्या दिवशीच, गोपाळकृष्ण गांधी इथं आले आणि हयात असलेल्या सैनिकांचा त्यांनी सन्मान केला. गांधींचा नातू आणि काठी-कोयत्यानं सरकारी गाडी अडवणारा म्हातारा एका जागी आले. अहिंसेचा मार्ग आणि सातारचा मार्ग यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी ती भेट समजून घ्यावी.

भाऊ नुसत्या आठवणींवर जगणारे नव्हते, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरचे शेतकरी दिल्लीत मोर्चा काढणार होते. भाऊ तेव्हा शहाण्णव वर्षांचे. प्रकृती साथ देत नव्हती. त्यांनी कुंडलहून निरोप पाठवला की तब्येत बरी असती तर मी तुमच्याबरोबर चाललो असतो. १९४३ च्या माणसाला २०१८ चा शेतकरी परका वाटला नाही. कर्जात बुडालेला शेतकरी आणि त्याच्या घामावर चालणारं सरकार, हे त्यानं तरुणपणीच पाहिलेलं होतं. २०२१ मध्ये शंभरी ओलांडलेले गणपती यादव गेले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हौसाताई गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाची शंभर वर्षं पुरी व्हायला थोडे महिने राहिले असताना, कॅप्टन भाऊ गेले. त्याच वर्षी साईनाथांचं ‘द लास्ट हीरोज’ हे पुस्तक आलं, त्यात भाऊंवर एक प्रकरण आहे. ते मराठी माणसानं मिळवून वाचावं, हे मी आग्रहानं सांगेन.

लाईन मात्र चालू आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं अंग रुंद झालं. बारीक रूळ गेले, त्यांच्या जागी साडेपाच फुटांचं माप आलं. लाकडी स्लीपर जाऊन सिमेंटचे आले. आता डोक्यावर विजेची तार आहे आणि शेजारी दुसरी लाईन पडली आहे. गाडी रुळावरून जायच्या आधी कीमन मात्र अजून चालतच येतो. खांद्यावर पाना, हातात हातोडा, नजर रुळाच्या बुडाशी. स्लीपरला रूळ धरून ठेवणारी लोखंडी चाप सैल वाटली की तो उभा राहतो, एक ठोका देतो, आवाज ऐकतो. घट्ट चापेचा आवाज टणक येतो, सैल चापेचा बोदा. बोदा आला की आणखी ठोके, मग पुढची चाप. खडीत बूट रुतवत मैलोन्मैल तो असा जातो आणि त्याच्यामागून येणाऱ्या गाडीतल्या कुणाला त्याचं नाव माहीत नसतं. याच रुळाच्या बुडाशी वाकून कधीकाळी धोंडे रचणाऱ्या हातांबद्दल त्याला कुणी सांगितलेलं असेल का, असा विचार मला त्याला पाहताना येतो. त्या दोघांची कामं उलटी. एक रूळ राखणारा, एक रूळ रोखणारा. पण रुळाची ओळख दोघांचीही सारखीच पक्की.

ही लाईन तयार झाली तेव्हा तिच्यावरून कुणाचं राज्य जाणार-येणार, हे लंडनमध्ये ठरत होतं. शेणोलीच्या त्या दिवसानं तिच्यावर सरकारइतकाच इथल्या माणसांचाही हक्क आहे, हे दाखवून दिलं. म्हणून मला ती सरकारी मालमत्ता वाटत नाही. प्रतिसरकारची ती एक साथीदार वाटते, जिनं त्या दिवशी मुकाट्यानं धोंडे अंगावर घेतले.

दिवसा या वाटेनं जायचं असेल तर कोयना एक्सप्रेस आहे. मुलं बरोबर असतील तर कराड सुटल्यावर त्यांना मोबाईलमधून बाहेर काढा आणि खिडकीशी बसवा. शेणोली येईल, गाडी बहुधा थांबणार नाही. तारीख सांगा, दगडांचं सांगा, मागच्या बाजूच्या दगडांचंही सांगा, आणि मागचे का रचले असतील हे त्यांनाच विचारा. भवानीनगरला हौसाताईंचं सांगा. मग ताकारी, आणि मग किर्लोस्करवाडी. तिथं उतरता आलं तर कुंडलला जा. कॅप्टन भाऊंचं घर विचारलंत तर कुणीही दाखवील. आणि तुमच्या स्वतःच्या गावात, आजोळी, सासरी कुणा घरात एखाद्या रात्री पाहुणा लपवला होता अशी कुजबूज असेल, तर तो पाहुणा कोण, भाकरी कुणी केली, कुणी नेली, हे त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या उन्हाळ्यातच विचारा आणि नावासकट वहीत उतरवून घ्या.